बदलीवाल्याची जागा

त्याच्या वाजवण्याला सुरुवात झाली ती ताईच्या हट्टामुळे. ताई नाचाच्या वर्गाला जायची आणि घरी येऊन तोच नाच पुन्हा घोटायची. एक दिवस घरातला टेपरेकॉर्डर बिघडला. दुसरी कोणी असती तर तेवढीच विश्रांती म्हणून खूश झाली असती. ताईने धाकट्या भावाला अभ्यासावरून उठवलं, न्हाणीघरातली बादली पालथी घातली आणि मोडक्या हँगरचे दोन तुकडे त्याच्या हातात कोंबले.

"वाजव."

"काय वाजवू?"

"माझ्या पायांकडे बघ आणि वाजव. चुकलास तर मी पडेन, आणि मी पडले तर आईला तुझं नाव सांगेन."

इतकी सरळ अट पुढे एकाही संगीत दिग्दर्शकाने त्याला घातली नाही. तो जीव मुठीत धरून ताईच्या पायांकडे बघत राहिला आणि ते पडतील तसा वाजवत गेला. टेपरेकॉर्डर दुरुस्त होऊन आला तरी ताईने त्याला सोडलं नाही, कारण टेपरेकॉर्डरवर डाफरता येत नाही. यथावकाश ताईचं नाचाचं वेड ओसरलं, ती बँकेत चिकटली आणि ताळेबंदाबद्दल बोलू लागली. भाऊ मात्र बादलीपाशीच अडकून राहिला. फक्त बादलीच्या जागी ड्रम आले.

वाद्यवाल्यांमध्ये त्याचं नाव पडलं 'बदली'. त्यालाही कारण होतं. त्याची स्वतःची अशी नोकरी कधीच नव्हती. कुणाला ताप आला, कुणाचं बायकोशी वाजलं, कुणाची गाडी चुकली, की याला बोलावणं यायचं. हा उंच, लांब मानेचा, चेहऱ्यावर कायम चुकीच्या घरात शिरल्यासारखा भाव. यायचा, दुसऱ्याच्या स्टुलावर बसायचा, स्टूल थोडं वर घ्यायचा आणि असा वाजवायचा की पुढे बसलेल्या गायकाला माणूस बदललाय हे चहाच्या वेळी कळायचं. सर्कशीत झोक्यावरच्या पोरी हवेत सुटल्या की त्याच्या ड्रमचा थरार त्यांच्यासोबत वर जाई आणि जाळ्यात उतरल्यावरच खाली येई. हॉटेलात जेवणाऱ्यांच्या चमच्यांपेक्षा आवाज वाढू नये म्हणून तो ब्रशने असं काही घासायचा की मॅनेजरने एकदा, "हा माणूस वाजवतोय की भांडी पुसतोय?" अशी चौकशी केली होती. प्रवासी जहाजावर तर त्याने एक हंगाम काढला. तिथे जहाज कललं की ड्रम डावीकडे सरकायचे, त्यांच्यामागे हाही सरकायचा, पण ठेका जागचा हलला नाही. पोटातलं मात्र सगळं हललं.

लग्नही त्याचं बदलीतच जमलं. नाटकाच्या थिएटरात नेहमीचा ड्रमर चांगला अंगापिंडाने भरलेला होता. सगळ्या वाद्यवाल्यांना एकसारखे काळे कोट. ड्रमर आजारी पडला की त्याचा कोट याच्या अंगावर चढायचा आणि तंबूत खांब उभा केल्यासारखा हा दिसायचा. कपडेपटात काम करणारी एक बाई दर वेळी त्याला आरशासमोर उभं करून पाठीमागून टाचण्या लावायची. तिसऱ्या-चौथ्या खेपेला ती तोंडातल्या टाचण्या बाजूला काढून म्हणाली, "दर वेळी दुसऱ्याच्याच मापात येता. तुमचं स्वतःचं काही माप आहे की नाही?"

"कुणी घेतलंच नाही अजून," तो म्हणाला. त्याला हे साधं उत्तर वाटलं होतं. तिला ते फारच धीट वाटलं. तिने टेप काढून माप घेतलं आणि त्याचा स्वतःचा कोट शिवला. मग कोटाच्या मापावरून गोष्ट पुढे सरकत सरकत संसारापर्यंत गेली.

आता या माणसाच्या आयुष्यातली खरी गोष्ट सांगायची तर ती एका गाण्याची आहे. लग्नानंतरच्या वर्षी एका स्टुडिओत तो असाच बदली म्हणून गेला. नेहमीच्या ड्रमरला गालगुंड झाले होते. गायिका तेव्हा तरुण होती, आवाज भरदार, आणि गाणं जरा लांब पल्ल्याचं. स्टुडिओत पंखा बंद ठेवावा लागे, कारण त्याचा आवाज माइकमध्ये जाई. शेवटच्या कडव्याआधी घामाने बरबटलेल्या हातातून याची स्टिक निसटली आणि मांडीवरून सतरंजीवर पडली. दुसरी उचलेपर्यंत एक मात्रा कोरी गेली. बाकीच्यांना वाटलं तसंच ठरलंय, म्हणून तेही थांबले. गायिकेने तेवढ्यात पोटभर श्वास घेतला आणि ती अशी उसळून गायली की काचेपलीकडचा रेकॉर्डिस्ट खुर्चीतून उठला.

"पुन्हा घेऊ या," हा ओशाळून म्हणाला. "माझी स्टिक पडली."

"काही नको," गायिका म्हणाली. "मला श्वास घ्यायला जागा मिळाली. असू दे."

गाणं गाजलं. आणि गाण्यापेक्षा ती जागा गाजली. जाणकार लोक तिथे डोळे मिटायचे, प्रेमिक एकमेकांचा हात दाबायचे. संगीतावर लिहिणाऱ्या एका गृहस्थांनी त्या कोऱ्या मात्रेत 'विरहाची पोकळी' आहे असं छापलं. रेकॉर्डच्या वेष्टनावर नाव मात्र गालगुंडवाल्याचं, कारण वेष्टन आधीच छापून झालं होतं. याने तक्रार केली नाही. विरहाची पोकळी वाचून बायको इतकी हसली होती की तेवढ्यावर त्याचं मन भरलं.

वर्षं गेली. केस पिकले, बायकोने तोच कोट उसवून एकदा सैल केला. आणि एके सकाळी फोन आला. त्या गायिकेचा निरोपाचा कार्यक्रम होता, तिच्या ड्रमरची पाठ धरली होती आणि कुणीतरी जो येईल तो हवा होता. अर्थात हा गेला.

तालमीला गायिका आली नव्हती; गाण्यांचा कारभार एका तरुण संयोजकाकडे होता. पोरगा हुशार, कामाचा, कानात कायम हेडफोन. ते गाणं सुरू झालं, शेवटच्या कडव्यापाशी आलं, आणि संयोजकाने हात वर केला.

"काका, तुम्ही मूळ रेकॉर्ड ऐकलीय ना? तिथे एक जागा आहे. तुम्ही ती भरून टाकताय."

"ऐकलीय म्हणजे," हा म्हणाला, "ती मीच वाजवलीय."

संयोजकाने मोबाइलवर वेष्टनाचं चित्र काढून पाहिलं, मग याच्याकडे पाहिलं, आणि मायेने म्हणाला, "हो, काका. बरेच जण म्हणतात तसं. पुन्हा घेऊ या?"

पुन्हा घेतलं. आता पंचाईत ही की पोराचं म्हणणं खरं होतं. याला ती जागा येईना. थांबला तर उशिरा, नाहीतर लवकर, आणि बरोबर थांबला तेव्हा ती पायरी चुकल्यासारखी वाटली. शहरातल्या शाळांच्या बँडमधली पोरंसुद्धा ती जागा वाजवत होती आणि ज्याच्या हातून ती पडली त्यालाच ती जमत नव्हती.

घरी आल्यावर तो जेवणाच्या टेबलाशी बसून चमच्याने ताटलीवर तीच जागा वाजवत राहिला. बायकोने कारण काढून घेतलं आणि मग तिला हसू आवरेना.

"म्हणजे सगळ्या जगाची नक्कल केलीत आणि स्वतःची जमेना?"

"हसण्यासारखं काही नाही त्यात."

"नाही कसं? भरपूर आहे."

तिने रेकॉर्ड लावली. तो सोफ्याची उशी मांडीवर घेऊन बसला. रेकॉर्डवरचा तो तरुण माणूस काय बेधडक वाजवत होता. याला त्याचा थोडा हेवा वाटला आणि थोडा रागही आला. मग त्याने युक्ती म्हणून ऐन वेळी स्टिक मुद्दाम सोडून पाहिली. ती कपाटाखाली गेली. दोघं पालथी पडून झाडूच्या दांड्याने ती बाहेर काढत असताना बायको पुन्हा हसली आणि हा खरोखरच रुसला. चहासुद्धा गार होऊ दिला.

बायकोने दुसरा कप त्याच्यापुढे ठेवला आणि या खेपेला नीट बोलली. "अहो, तुम्ही कधी ऐकून वाजवलंय का? तुम्ही माणसाकडे बघून वाजवता. झोक्यावरच्या पोरीकडे बघता, नाहीतर नटाच्या पायांकडे. रेकॉर्डकडे काय बघणार, काळी तबकडी ती."

त्याने ते ऐकल्यासारखं दाखवलं नाही. पण कार्यक्रमाच्या दिवशी त्याने स्टूल नेहमीपेक्षा जरा उजवीकडे मांडलं. तिथून गायिकेचे खांदे दिसत होते.

गायिका आता वयस्क झाली होती. आवाज पातळ झाला होता, पण शब्द अजून तिच्याच मालकीचे होते. ते गाणं आलं तसं सभागृह सावरून बसलं. शेवटच्या कडव्याआधी याने तिच्या खांद्यांकडे पाहिलं. ते वर उचलले गेले आणि तो थांबला. मात्रा संपली, खांदे अजून वरच. पूर्वी एका घासात मिळणारा श्वास आता दोनदा घ्यावा लागत होता. संयोजकाचा हात हवेत आला होता आणि सगळे वाद्यवाले त्या हाताकडे बघत होते. हा कुणाकडेच बघत नव्हता. दुसरी मात्राही कोरी गेली. मग खांदे सुटले, आणि स्वर निघायच्या अगदी क्षणी याची स्टिक पडली ती ड्रमवर. गाणं पुढे निघालं. सभागृहात कुणीतरी नाक ओढल्याचा आवाज आला.

कार्यक्रमानंतर पडद्यामागे संयोजक घाईने आला. "काका, छान झालं, पण जागा रेकॉर्डपेक्षा लांब झाली."

मागच्या खुर्चीत बसून पायातल्या सँडल काढणाऱ्या गायिकेने मान वर केली. "रेकॉर्डच्या वेळी माझं वय काय होतं, ते बघ तुझ्या मोबाइलमध्ये." मग ती याच्याकडे वळली. "तेव्हा तुमची स्टिक पडली होती. आज काय पडलं?"

"आज काही नाही पडलं, बाई."

"मला वाटलंच. पाठ करून कुणी इतका वेळ थांबत नाही."

संयोजकाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पण पोरगा दिलदार निघाला. त्याने तिथेच याचे दोन्ही हात धरले आणि वेष्टनावरचं नाव दुरुस्त करून घ्यायचा ध्यास घेतला. नव्या आवृत्तीत ते दुरुस्त झालंही. छापणाऱ्याने फक्त ते 'छायाचित्रे' या शब्दापुढे टाकलं.

गायिकेचा निरोप काही त्या दिवसात संपला नाही. लोकांनी आग्रह केला, तिनेही फार ताणून धरलं नाही, आणि निरोपाचे कार्यक्रम गावोगाव होत राहिले. पाठ धरलेला ड्रमर बरा होऊन आला तेव्हा गायिकेने त्याला गोड शब्दांत सांगितलं की आता तो बदली. म्हणजे ज्या वयात लोक नोकरी सोडून सकाळी फिरायला जातात, त्या वयात याला कायमची जागा मिळाली.

आणि ती त्याला सोसेना. तेच स्टूल, तीच गाणी, तोच डबा. काही महिन्यांत तो उदास दिसू लागला. मग एका दुपारी शेजारच्या बाहुल्यांच्या खेळवाल्याकडून निरोप आला की त्यांचा वाजवणारा सर्दीने बेजार आहे. त्या दिवशी गायिकेचा कार्यक्रम होता. याने पाठवाल्या ड्रमरला फोन करून घसा बसल्याचं कळवलं. ड्रम वाजवायला घसा लागत नाही हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही, किंवा दोघांनीही ते येऊ दिलं नाही.

बायको इस्त्री करत होती. याला पिशवी भरताना तिने पाहिलं.

"कोट घालणार ना?"

"नको. तिथे पडद्यामागे खाली बसायचं असतं. बाहुल्या पुढे."

"मग त्यांच्याकडे बघणार कसे?"

तो दारात थबकला, विचारात पडला, आणि आत येऊन तिचा हातआरसा पिशवीत टाकून निघून गेला.