चित्राला लागलेलं बोट

एप्रिलमधला शनिवार, दुपारचे साडेतीन. चित्रासमोर तिघे जण: मी, माझे सासरे अण्णा आणि थोडा उशिरा आलेला गार्ड. तिथे जे झालं ते मी बायकोला आजवर सांगितलेलं नाही.

अण्णा नातीच्या ग्रॅज्युएशनसाठी नागपूरहून अमेरिकेत, शिकागोजवळच्या नेपरव्हिलला आमच्याकडे आले होते. मी त्यांना ट्रेनने शिकागोच्या एका म्युझियममध्ये नेलं. चित्र जुनं, फ्लेमिश, म्हणजे बेल्जियमकडचं. गुत्त्यातली माणसं — एक ढोसतोय, एक सुरी उपसून उठलाय, एका म्हातारीने पैशांची थैली उराशी धरलीय. खाली पाटी होती: माणसाचे सात दुर्गुण. मी मराठीत सांगितलं.

"सात?" अण्णा हसले. "आपले षड्रिपू तर सहाच. हा सातवा कोण हो, जावईबापू? अमेरिकेत एक जास्तीचा मिळतो की काय?"

मोजल्याशिवाय मला राहवत नाही. मोजत गेलो — आणि सातव्यावर, चुलीपाशी झोपलेल्या आळशावर, माझं बोट टेकलं. थेट रंगावर.

अलार्म वाजला. गार्डने विचारलं, हात कोणी लावला?

माझी ग्रीन कार्डाची मुलाखत एकोणीस दिवसांवर होती. अकरा वर्षं वाट पाहिली होती. माझं नाव कुठल्या फॉर्मवर चढलं तर? — एवढं मनात यायला कितीसा वेळ लागतो? मी इंग्रजीत म्हणालो, माझ्या सासऱ्यांनी. त्यांना इथले नियम कळत नाहीत.

अण्णांची उभी हयात पोस्टाच्या नोकरीत गेली. इंग्रजी त्यांना चांगलं कळत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग गार्डकडे वळून म्हणाले, "सॉरी सर." गार्डने त्यांचं नाव लिहून घेतलं.

परतीच्या ट्रेनमध्ये त्यांनी एकच विचारलं, "माझ्या व्हिसाला काही होणार नाही ना?"

"नाही," मी म्हणालो. मला काय ठाऊक होतं?

त्यानंतर दाराची बेल वाजली की अण्णा वरच्या खोलीत जाऊन बसत. चित्राला काही झालं नव्हतं, कुणाचा फोनही आला नाही. माझी मुलाखत पार पडली तेव्हा ते घरातच होते. मग मी का बोललो नाही? आता भीती बायकोची होती — आणि अण्णांच्या त्या नजरेची.

ग्रॅज्युएशनच्या नऊ दिवस आधी ते परत गेले. नात म्हणत राहिली, "आजोबा, प्लीज, जस्ट टेन मोअर डेज." ते म्हणाले, नको बेटा, घर बंद आहे तिकडे.

तिकीट बदलण्याचे दोनशे दहा डॉलर त्यांनी स्वतःच्या पेन्शनमधून विमान कंपनीला भरले. मी शेजारी उभा होतो. मी ते भरू दिले.