उयामीची पहिली मूठ

मनिलापासून लांब, डोंगरातल्या आमच्या हिनागुपमध्ये भाताची खाचरं ओढ्यापासून थेट ढगांपर्यंत चढत गेली आहेत आणि ती बघायला लांबलांबून पाहुणे येतात. जीपनी, म्हणजे आमच्याकडची लांबुडकी जीपगाडी, फाट्यावर सोडते, तिथून पायवाट. धापा टाकत माझ्या दुकानाच्या ओसरीवर बसतात आणि विचारतात, "एवढं सगळं कोणी बांधलं हो?" मी म्हणते, "आमच्या पणज्या-खापरपणज्यांनी. त्यांना दुसरा उद्योग नव्हता." पाहुणे हसतात. माझ्या मेल्या कंबरेला विचारा, हसण्यासारखं काय आहे ते.

इथे लावणी आधी कोण करतं, हे मात्र अजून एकाही पाहुण्याने विचारलेलं नाही. आधी करते उयामी. झऱ्याला लागून असलेलं मधलं खाचर तिचं, गावातल्या कुठल्याही दारातून दिसणारं. त्यात तिने पहिली मूठ लावल्याशिवाय गावात कोणी चिखलात रोप खोचायचं नाही. खोचलं तर उंदीर सगळी उतरण खाऊन टाकतात म्हणे. खरं-खोटं पाहायची हिंमत कोणी केलेली नाही. आणि ज्याच्या खाचरात आगाऊपणा झाला, त्याचं खाचर त्या वर्षी पडीक राहतं. हा मान खाचराबरोबर थोरल्या मुलाकडे किंवा मुलीकडे जातो, आणि तो देता येतो फक्त लावणीच्या दिवशी, चिखलात उभं राहून, हातातून हातात.

उयामी म्हणजे सुपारीने लाल झालेलं तोंड आणि त्या तोंडात न मावणारी जीभ. मी लग्न होऊन या गावात आले, तेव्हा तिने माझे हात उलटेपालटे करून पाहिले आणि सासूला सांगितलं, "हात कामाचे आहेत. तोंड जरा जास्त आहे, पण ते आपण दोघी मिळून कमी करू." काही कमी झालं नाही. माझा धाकटा तापाने फणफणला होता तेव्हा मुसळधार पावसात त्याला पाठीला बांधून फाट्यापर्यंत पळाली ती हीच बाई, आणि वर मलाच शिव्या, की पोराला वाळकं ठेवलंय, ओझ्यासारखं वाटतच नाही. माझा तिच्यावर फार जीव आहे. तिला सांगू नका, डोक्यावर बसेल.

तीन वर्षांपूर्वी तिचा गुडघा गेला. पायऱ्या उतरताना खेकड्यासारखी आडवी चालायला लागली. तेव्हा तिने ठरवलं की पुढच्या लावणीला मान रोसेंडाकडे द्यायचा. रोसेंडा तिची थोरली, हाँगकाँगमध्ये लोकांची पोरं सांभाळते. दोन वर्षांचा करार संपला की दोन आठवड्यांची सुट्टी मिळते, मग पुन्हा दोन वर्षं. ती सुट्टी जानेवारीच्या शेवटी होती. पण त्या साली थंडी कमी पडली आणि तरवा महिनाभर आधीच लावणीला आला. सगळ्यांची रोपं वाफ्यात उंच होऊ लागली, आणि उयामी आपली दारात बसून सुपारी कातरतेय.

पुगोंगबाबा, आमच्या गावात देवांपुढे मंत्र म्हणणारे म्हातारे, एक दिवस तिच्या दारात जाऊन म्हणाले, "उयामे, तरवा माझ्या गुडघ्याला लागला गं."

"तुझा गुडघा जमिनीपासून लांब कधी होता?" उयामी म्हणाली. "माझी पोर येईपर्यंत थांबा. इतकी वर्षं मी तुमच्यासाठी थंड पाण्यात उतरले, एकदा तुम्ही माझ्यासाठी थांबा."

म्हातारे पडले बुटके. गाव थांबलं.

आणि त्यातच मनिलाची ती पाहुणी आली. गोड मुलगी, माझ्याकडून तिने तीन विणलेल्या पिशव्या घेतल्या, घासाघीस न करता. वाट दाखवायला डेल्फिन होता. डेल्फिनकडे एकच खाचर, घरात बायको आणि तीन लेकरं. मुलीला हातात रोप धरून फोटो हवा होता. डेल्फिनने वाफ्यातून मूठभर तरवा उपटून दिला आणि फोटोसाठी मागे मागे सरकत बांधाच्या टोकाला गेला. तोवर या बयेने चपला काढल्या, त्याच्याच खाचरात उतरली आणि रोपं लावूनसुद्धा मोकळी झाली. ओळ वाकडी, पण लावणी ती लावणीच.

डेल्फिनने ती रोपं उपटली आणि तोंड मिटलं. मुलीला बिचारीला काय कळणार? तिने आनंदाने फोटो फेसबुकवर टाकला, खाली गावाचं नाव. गावात तो कोणी बघायच्या आधी हाँगकाँगमध्ये रोसेंडाने पाहिला आणि संध्याकाळी आईला फोन केला. "इना, माझ्याशिवाय लावणी केलीस?"

सकाळपर्यंत सगळ्यांना कळलं होतं. दाट धुकं होतं, समोरचं अंगण दिसत नव्हतं, तरी माझी ओसरी भरली. डेल्फिन खाली मान घालून उभा, बायको कडेवरच्या पोराला उगाच थोपटतेय. त्याच्या चुलतभावाने, जोमारने, फोन सगळ्यांपुढे नाचवला. "बघा! हा डेल्फिनचा बांध. आणि मागे उयामीचं खाचर, नुसतं पाणी! गावाची रीत मोडली याने."

"खाचर पडीक ठेवलं तर खाऊ काय, बाबा?" डेल्फिन पुगोंगबाबांना म्हणाला.

"ते फोटोच्या आधी विचारायचं होतंस," म्हातारे म्हणाले. चेहरा त्यांचाही पडला होता, पण रीत सांगायचं काम त्यांचं. ते सांगायला उठले, आणि तेवढ्यात धुक्यातून उयामी आली. आडवी आडवी, काठी टेकत.

"कशाची सभा?" तिने विचारलं.

"या डेल्फिनच्या पाहुणीने काल दुपारी रोप लावलं. तुझ्याआधी," जोमार म्हणाला.

"काल दुपारी ना? मग माझ्यानंतर लावलं. मी काल सकाळीच लावली माझी मूठ."

सगळ्यांनी झऱ्याकडे माना वळवल्या, पण धुक्यात काही दिसेना.

"अपू, पण..." डेल्फिनने तोंड उघडलं. आमच्यात आजीला अपू म्हणतात, आणि उयामी सगळ्यांचीच अपू.

"तू गप्प बस. तुझ्या अकलेने एवढं झालं तेवढं पुरे."

जोमार ऐकतोय होय? त्याने फोन पुगोंगबाबांच्या नाकाशी धरला. "बघा ना बाबा, फोटोत खाचर रिकामं आहे!"

म्हाताऱ्यांनी फोन घेतला, जवळ धरला, लांब धरला, उलटा केला. तोवर धुकं उचललं होतं. समोर झऱ्यापाशी उयामीच्या खाचराच्या एका कोपऱ्यात हिरवी मूठ उभी होती, ताजी. आणि उयामीचे पाय गुडघ्यापर्यंत ओल्या चिखलाने भरलेले. त्या गार पाण्यात, तसल्या गुडघ्याने, एकटी उतरून वर आली होती. ते पुगोंगबाबांनी पाहिलं, मी पाहिलं, जोमारनेही पाहिलं.

"या डबीत मला त्या पोरीचे दात तेवढे दिसतात," पुगोंगबाबा म्हणाले आणि फोन परत दिला. "खाचर उयामीचं, मूठ उयामीची. ती काल म्हणते तर काल. जा, लावणीला लागा."

मी बादलीभर पाणी आणून तिच्या पायाशी ठेवलं. बाकीचे पांगल्यावर विचारलं, "आणि रोसेंडाचं काय?"

ती पाय धूत राहिली. "रोसेंडाला दोन्ही वेळ जेवायला मिळतं," ती म्हणाली. "डेल्फिनच्या पोरांना कोण देणार? तू? तू तर उधारीचं नाव काढलं की झाडू काढतेस."

मी मोरीत जाऊन रडले आणि बाहेर येऊन तिच्याशी भांडले.

आठवड्याने रोसेंडा आली ती भल्यामोठ्या खोक्यांसकट, आणि बघते तर सगळी उतरण हिरवी. "तू थांबणार होतीस," ती आईला म्हणाली. "माझ्यासाठी एवढंही झालं नाही तुझ्याने?" खरं कारण आम्हाला सांगता येईना. सांगितलं असतं तर डेल्फिनचं खाचर पडीक गेलं असतं. उयामीनेही सांगितलं नाही. "पुढच्या सुट्टीला ये," एवढंच म्हणाली. रोसेंडा दोन आठवडे घुम्यासारखी वावरली आणि निघून गेली. त्यानंतर उयामीच्या जिभेची धार कमी झाली. तिने मला टोमणा मारला नाही की माझा दिवस वाईट जायचा.

यंदा करार संपला. रोसेंडा कायमची परत यायला निघाली, आणि नेमकी घाटात दरड कोसळून रस्ता बंद झाला. तरवा पुन्हा उंच झाला, पानांची टोकं पिवळी पडायला लागली. कोणी चकार शब्द काढला नाही. डेल्फिन तर पाहुण्यांना खाचरापाशी फिरकूसुद्धा देईना. पुगोंगबाबा रोज काठी घेऊन उयामीच्या दारापर्यंत जात, तिची सुपारी खात आणि हवापाण्याच्या गप्पा मारून परत येत. दरड उपसायला गावातून माणसं गेली, त्यात पुढे जोमार होता. त्यानेच तिथे रोसेंडाची बॅग उचलली आणि वाटेत तिला सगळं सांगून टाकलं. डेल्फिनचं ते वर्ष केव्हाच सरलं होतं, आता लपवण्यात अर्थ नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं गाव आपापल्या बांधावर उभं राहिलं. रोसेंडा आईला धरून खाचरात उतरली. उयामीने मूठभर रोपं तिच्या हातात दिली आणि डेल्फिनच्या आधाराने वर बांधावर येऊन बसली. रोसेंडाचे हात इतक्या वर्षांत मऊ पडलेले. ओळ त्या मनिलाच्या पोरीपेक्षाही वाकडी आली. उयामीने ओठ आवळून धरले. मी तिला इतका वेळ गप्प बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

मूठ लावून झाली. आता मान तिचा, म्हणून आम्ही सगळे रोसेंडाकडे बघत होतो. तेवढ्यात उयामीने नेसणं गुडघ्याच्या वर खोचलं, बांधावरून पाय खाली सोडले आणि लेकीला विचारलं, "रोसेंडा, मी आता लावू का?"

रोसेंडा चिखलात उभी होती. तिने चिखलाने भरलेला हात आईपुढे केला.

"लाव, इना," ती म्हणाली. "सावकाश उतर."