संशय फिटल्याची वर्दी

मनात आलेल्या प्रत्येक संशयाची घरी जाऊन माफी मागणारा माणूस मी एकच पाहिला, आणि त्याच्याइतके लोक त्या काळच्या अखंड चांदा जिल्ह्यात दुसऱ्या कोणी दुखावले नसतील. ते कुरखेड्यातले माझे घरमालक. १९५० नंतरच्या त्या वर्षांत मी तिथे शाळामास्तर होतो. समोरच्याच्या मनात काय आहे, हे त्यांना तो बोलण्याआधीच कळत असे, आणि ते बहुधा चूक असे. कोणी रामराम न करता गेला, की तो उलटला. दोनदा केला, की त्याचा काही डाव आहे. मात्र खरा प्रकार कळला, की त्या माणसाच्या दारात जाऊन संशय फिटल्याची वर्दी दिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. दवाखान्यातला कंपाउंडर त्यांना पाहून खोकायचा. "खिजवते मले," असे ते तीन दिवस म्हणत होते. चौथ्या दिवशी त्याला खरेच पडसे झाल्याचे कळले, तेव्हा अडुळशाचा पाला घेऊन हे त्याच्या घरी गेले.

"भाऊ, तीन दिवस मी तुले नालायक समजून राह्यलो होतो. आता नाई समजत."

"पण मी केलं काय?"

"काहीच नाई. म्हणून तर आलो."

कंपाउंडर महिनाभर बोलला नाही. पाला मात्र त्याने ठेवून घेतला. एकदा त्यांनी मलाही गाठले. "मास्तर, काल तुम्ही हसले, तं मले वाटलं माझ्या धोतराले हसले." मी धोतरालाच हसलो होतो, आणि तसे सांगितले. ते इतके खूश झाले, की आतून चहा मागवला. त्यांच्या पत्नीचा सवाल एकच असे. "संशय मनातल्या मनात घेता, तं माफी काऊन गावभर मागता जी?"

त्यांच्या शेजारी एका गोंड शेतकऱ्याची बांधी होती. धानाच्या शेताला तिकडे बांधी म्हणतात. हा त्यांचा लहानपणापासूनचा जोडीदार. एका वर्षी रोवणीच्या तोंडावर दोघांच्या बांध्यांमधली पाळ, म्हणजे मातीचा बांध, फोडलेली दिसली. यांचे पाणी त्याच्या बांधीत गेले होते. "चाळीस वर्साचा जोडीदार, अन् पाणी चोरते!" एरवी संशय आला की ते दुप्पट बोलत. या वेळी आठ दिवस घरात त्यांचा आवाज नव्हता. नवव्या दिवशी पंचांपुढे साक्षीला कोणी हवे, म्हणून त्यांनी मला बांधीवर नेले. नाल्याकडच्या पाळीपाशी ते थांबले. खेकड्यांनी ती पोखरली होती. ती फुटली असती, तर यांचे सारे पऱ्हे, म्हणजे रोवायला तयार झालेली रोपे, नाल्यात गेले असते. कोणीतरी तिथे बांबू ठोकून चिखल थापला होता, आणि पाण्याचा जोर कमी करायला मधली पाळ फोडून ते स्वतःच्या बांधीत घेतले होते. पलीकडे त्याचे पऱ्हे गाळाखाली सडले होते.

घरमालक चिखलाच्या पायांनीच निघाले. वाटभर ते माफीची वाक्ये जुळवत होते. जोडीदार अंगणात टोपली विणत होता. यांनी तोंड उघडण्याआधी तोच म्हणाला, "आला का गा? आठ दिवस दिसला नाई, मले वाटलं तापानं पडला. बायकोले म्हटलं, उद्या पाहून येऊ." पाळीचा विषय त्याने काढला नाही. त्यात सांगण्यासारखे काही आहे, असे त्याला वाटलेच नसावे.

घरमालक उभेच राहिले. मग खाली बसले.

"हो. ताप होता."

"उतरला?"

"उतरला. माझ्याकडं पऱ्हे उरते औंदा. उद्या येऊन घेऊन जाजो."

परतताना मी विचारले, "सांगितलं नाही?" ते म्हणाले, "मास्तर, मी त्याच्याबद्दल तसा विचार करीन, हे त्याच्या ध्यानीमनी नाई. ते मी कसं घालू त्याच्या डोस्क्यात?"

पुढे माझी बदली होईपर्यंत ते दोघे मला त्या पाळीवर तंबाखू मळत बसलेले दिसत. जोडीदार बोलत असे. घरमालक ऐकत, आणि मध्येच त्याच्याकडे अशा नजरेने पाहत, की तो थांबून विचारी, "काय गा?"

"काई नाई," ते म्हणत. "बोल तू."