बिनखुणेची जागा

नदीचे आप्पा केंदाळ उपटताना प्रत्येक झुबक्याला माणसाचं नाव द्यायचे. जलपर्णीला ते केंदाळच म्हणत. कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून दोन्ही हात खाली घालायचे, मुळाला पकड बसली की म्हणायचे, "ये रे ये, सरपंचा! लई दिस जागा धरून बसलास." मग एक हिसका. कधी वाळूचा ठेकेदार निघायचा, कधी आप्पांचा धाकटा जावई. मुळांत मुळं गुंतलेला मोठा थर हाताला लागला की त्यांचा चेहरा खुलायचा. "ह्यो पुढारी असंल, एकटा निगत न्हाय. सगळी टोळी घिऊन येतंय."

गावात आप्पा दोन. किराणा विकणारे ते दुकानाचे आप्पा आणि हे नदीचे. तरुणपणी जाळं टाकून पोट भरलं, पुढं मासा कमी झाला आणि जाळं खुंटीला लागलं. मी धाराशिवहून आमच्या संस्थेच्या नदीच्या कामावर गेले, तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. कागदावर ते 'क्षेत्र सहाय्यक' होते आणि पंचविशीतली मी 'समन्वयक', म्हणजे त्यांची साहेब. हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगायचा शहाणपणा मी केला. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि विचारलं, "पवता येतंय का?" येत नव्हतं. "मग मॅडम, तुमी काठावर बसून साहेबकी करा." खूश असले की मी त्यांची 'पोरी' असायचे आणि चिडले की 'मॅडम'. पहिलं वर्षभर मी बहुतेक मॅडमच होते.

केंदाळ काढायची त्यांची रीत ठरलेली होती. उपटलेला झुबका आधी पाण्यातच तीनदा झटकायचा. मुळांच्या जाळीत बोटाएवढे मासे, झिंगे, गोगलगायी असतात, ते सगळे परत पाण्यात पडले पाहिजेत. "आपलं भांडान झाडाशी हाय, लेकरांशी न्हाय." मग तो झुबका दरडीवर, पुराची रेघ ओलांडून वर न्यायचा आणि मुळं आभाळाकडं करून पसरायचा. काठावर ढीग टाकलेला त्यांना खपत नसे, कारण पहिल्या पाण्याला ते सगळं परत नदीत उतरतं. या गतीनं नदी मोकळी व्हायला किती वर्षं लागतील, ते मी एकदा वहीत मांडून दाखवलं. आप्पा म्हणाले, "लागू द्या की. आलंय ते का एका दिसात आलंय?" मला त्यांचा राग आला होता.

रागाचं म्हणाल तर त्यांचाही कुणाला चुकला नाही. एका श्रावणी सोमवारी तालुक्याच्या गावातले एक भाविक व्यापारी गाडीतून आले. बाजारातून जिवंत मासे विकत घेऊन नदीत सोडले तर पुण्य लागतं, असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं. घमेली भरभरून त्यांनी मासे सोडले, हात जोडले, नारळ फोडला. मासे होते मांगूर, मिशांचे, काळे, नदीत समोर येईल ते खाणारे. आप्पांनी खुंटीवरचं जाळं काढलं आणि त्या माणसाच्या डोळ्यांदेखत त्याचं पुण्य एकेक करून बाहेर काढायला लागले. तो ओरडला, "अहो, देवाचं काम आहे!" आप्पा पाण्यातूनच म्हणाले, "पुण्य तुमचं, आन् मरान माज्या नदीचं व्हय? घरी हौदात सोडा की!" आठ दिवस ते जाळं टाकत होते, तरी सगळे सापडले नाहीत. त्या आठ दिवसांत निघालेल्या प्रत्येक झुबक्याचं नाव एकच होतं.

पण आप्पांचा खरा जीव केंदाळात नव्हता, तो कासवांत होता. नदीच्या एका वळणावर वाळूचा पट्टा उरला होता. बाकीची वाळू ट्रॅक्टरांनी नेली, हा पट्टा तेवढा आडबाजूला म्हणून वाचला. थंडीत मऊ पाठीची कासवं तिथं वर चढून अंडी घालतात. केंदाळ काठापर्यंत दाटलं की त्यांना चढायला वाट राहत नाही. म्हणून म्हातारा पाण्यात उभा राहून वाट मोकळी करायचा. अंडी घातल्यापासून पिल्लं पाण्यात जाईपर्यंत दिवसातून दोन फेऱ्या मारायचा, कुत्री हाकलायचा, कोल्ह्याची पावलं बघायचा. देवळात पायरीपाशी दगडाचं कासव असतं, लोक त्याला हात लावून कपाळाला लावतात. "आन् जित्तं घावलं की पातेल्यात," आप्पा म्हणायचे आणि थुंकायचे.

अंडी कुठं आहेत, हे ते बाभळीपासून पावलं मोजून लक्षात ठेवत. वर कसलीही खूण करत नसत. हे मला पटत नव्हतं. वरून आमच्या साहेबांचे फोन यायचे की अहवालात फोटो पाहिजेत, घरटी दिसली पाहिजेत. वाळूच्या फोटोत वाळूच दिसणार! म्हणून मी बांबूच्या काठ्यांना लाल कापड बांधून झेंडे केले आणि आप्पांना जागा दाखवायला लावल्या. आप्पा त्या दिवशी पाच वेळा मॅडम म्हणाले. "खून केली की वाट दावली, मॅडम." मी त्यांना समजावलं की चोरांना तसंही माहीत असतं, झेंडा असला की गुराखी जनावर आणणार नाही आणि शास्त्रीय पद्धत अशीच असते. शेवटी ते उठून पुढं चालायला लागले. सहा जागा दाखवल्या, सहा झेंडे लागले. फोटो फार छान आले.

त्याच हिवाळ्यात मी आणखी एक पराक्रम केला. केंदाळ काढायला यंत्र द्यावं म्हणून अर्जावर अर्ज केले, लोहाऱ्याला, तालुक्याच्या कचेरीत, हेलपाटे घातले आणि मंजुरी मिळवली. गुरुवारी पोकलेन येणार होता, पाण्यातलं केंदाळ तेवढं काढणार होता आणि मी जातीनं उभी राहणार होते. तो मंगळवारीच आला. मी धाराशिवला बैठकीत होते. आप्पांचा फोन आला, "मॅडम, मिशन आलंय. लवकर या." मी हसून म्हणाले, "येऊ द्या की आप्पा, आपणच बोलावलंय." आणि फोन ठेवला. हे वाक्य मी आजही विसरू शकत नाही.

मी पोचले तेव्हा दुपार कलली होती. वळणावर नदी मोकळी दिसत होती, इतकी मोकळी मी ती कधी पाहिली नव्हती. वाळूचा पट्टाही नव्हता. दरडीपर्यंत सगळं खरवडून चिखल, वाळू, केंदाळ एकत्र काठावर लोटलेलं होतं. चालक सावलीत भाकरी खात बसला होता. भला माणूस, मला बघून उठून उभा राहिला. म्हणाला, "बरं झालं मॅडम, झेंडे लावून ठेवले होते. हद्द शोधावी लागली नाही. या झेंड्यापासून त्या झेंड्यापर्यंत काढून टाकलं."

लाल झेंड्याचा त्याच्या धंद्यातला अर्थ तोच होता, इथपासून इथपर्यंत खणायचं. आप्पा यंत्रासमोर आडवे बसले होते, म्हणून यंत्राच्या ठेकेदाराच्या दोन माणसांनी त्यांना काखेत धरून उचललं आणि बाभळीखाली नेऊन ठेवलं. ढिगात माझे झेंडे होते आणि लिंबाएवढी पांढरी अंडी, फुटलेली. मी त्या ठेकेदाराला आयुष्यात कधी दिल्या नव्हत्या त्या शिव्या दिल्या. तो शांतपणे म्हणाला, "अर्ज तुमचाच आहे." दोन दिवसांनी पेपरात फोटो आला, नदीनं मोकळा श्वास घेतला म्हणून, आणि त्यात हार घातलेलं यंत्र. आमच्या साहेबांना फोन केला तर म्हणाले, अहवालात 'अडचणी' असा रकाना आहे, त्यात लिहा. अडचणी! त्या माणसाचा, त्या रकान्याचा, त्या हाराचा मला अजून संताप येतो. आणि माझा स्वतःचा येतो तो वेगळाच, त्याला कुठं ढकलावं ते कळत नाही. पहिल्या पावसाला काठावरचा ढीग पाण्यात उतरला आणि दिवाळीपर्यंत केंदाळ पुन्हा काठाला टेकलं.

पेपरात फोटो आला त्या सकाळी आप्पा वळणाच्या जरा वर, यंत्र पोचलं नव्हतं तिथं, पाण्यात उतरले होते. झुबके उपटत होते, तीनदा झटकत होते, पण नाव एकाचंही घेत नव्हते. ते मला सोसवेना. मी काठावरून ओरडले, "आप्पा, घ्या की माझं नाव! घ्या आणि उपटा!" त्यांनी हातातला झुबका तीनदा झटकला. "ज्याला सांगून कळत न्हाय त्याचं नाव घ्याचं असतंय," ते म्हणाले. "तुला आता कळलंय." मग पाण्याबाहेर आले, धोतराचा सोगा पिळला आणि म्हणाले, "चल. त्यो फोन हितंच ठिव. वही बी. मोकळ्या हातानं ये."

बाभळीखाली मी सगळं ठेवलं आणि त्यांच्या मागं चालले. बरंच चालल्यावर, ट्रॅक्टरांच्याही नजरेतून सुटलेल्या वाळूच्या एका तुकड्यावर ते उकिडवे बसले आणि तळहात वाळूवर ठेवला. "सातवं," म्हणाले. "तुला सांगितलं नव्हतं." मला आधी रागच आला, की या माणसानं मला फसवलं. मग रडू आलं. आप्पा चिडून म्हणाले, "रडून काय व्हतंय? पावलं मोजलीस का येताना?" मोजली नव्हती. त्यांनी मला परत बाभळीपर्यंत पाठवलं आणि मोजत यायला लावलं. उन्हाळ्याच्या तोंडाशी एका पहाटे त्या जागेतून अकरा पिल्लं निघाली. आप्पा वाटेतला एकेक काटा उचलत त्यांच्या मागं पाण्यापर्यंत रांगत गेले.

संस्थेचं काम पुढच्या वर्षी संपलं, साहेब दुसऱ्या कामावर गेले. मी गेले नाही. आप्पांकडून पोहायला शिकले, केंदाळ झटकायला शिकले आणि नावं ठेवायलाही. गेल्या पावसाळ्यात आप्पा घरीच, साध्या तापानं गेले. तिसऱ्या दिवसाचं झाल्यावर मी नदीत उतरले आणि आमच्या जुन्या साहेबांना उपटलं. मुळं फार खोल नव्हती.

परवा एका कार्यालयातून फोन आला. नदीकाठी 'कासव संवर्धन क्षेत्र' असा मोठा फलक लावायचा आहे, उद्घाटनाला पाहुणे यायचे आहेत, तेव्हा नेमकी जागा सांगा. मी म्हणाले, "न्हाय माहीत." ते म्हणाले, तुम्हीच तर तिथं काम करता. मी म्हणाले, "व्हय. तरी न्हाय माहीत."

या थंडीत चार कासवं वर चढली. बाभळीपासून किती पावलं, हे मला पाठ आहे. नदीचं आणि गावाचं नाव मी इथंही लिहिलेलं नाही.