ओरेस्टचा जबडा मोडला त्या हिवाळ्यात

माझा भाऊ ओरेस्ट कोस्टिन्युक पंधरा-सोळा वर्षं आइस हॉकीवर जगला. त्यातली पहिली सात वर्षं त्यानं हॉकी कमी आणि मारामारीच जास्त केली. ही चहाडी नाही, कॅनडातल्या आमच्या विलो बेंड गावात कुणालाही विचारा.

लहानपणी बाबांनी त्याला शेतातल्या गोठलेल्या तळ्यावर सोडलं, तेव्हापासून त्याला दुसरं काही सुचलं नाही. हात मोठे, खांदे रुंद, पास असा देणार की पक, म्हणजे ती रबरी चकती, अलगद समोरच्याच्या स्टिकवर जाऊन बसावा. पळणं मात्र ट्रॅक्टरसारखं. शहरातल्या संघानं त्याला नेलं तेव्हा तिथल्या प्रशिक्षकानं पंधरा दिवस पाहिलं आणि म्हणाला, "गोल करणारे माझ्याकडे ढीगभर आहेत रे. त्यांना कुणी हात लावला तर त्याचं थोबाड फोडणारा नाही."

ओरेस्टनं ते काम पत्करलं. त्याच कामावर तो पुढे अमेरिकेतल्या खालच्या लीगमध्ये गेला. बसमध्ये झोपायचं, सामन्यात थोडा वेळ बर्फावर उतरायचं, समोरच्या संघातल्या तसल्याच एखाद्याशी हातमोजे फेकून गुद्दागुद्दी करायची आणि शिक्षेच्या बाकावर जाऊन बसायचं. लोक उभे राहून त्याच्या नावानं ओरडायचे. इकडे रेडिओवर सामना लागला की आई भांडी घासायला उठायची आणि नळ मोठा सोडायची.

"लेस्या, यंदा वरच्या लीगमध्ये बोलावणार बघ मला," तो मला फोनवर सांगायचा. दरवर्षी यंदाच.

मग एका जानेवारीत समोरच्या संघातल्या रेजाँ गोद्रो नावाच्या क्वेबेकच्या गड्यानं मारामारीत त्याचा जबडा मोडला. डॉक्टरांनी वरचे-खालचे दात तारेनं बांधून टाकले आणि संघानं त्याला घरी पाठवलं. आई आमचं युक्रेनियन बीटचं सूप, बोर्श्ट, गाळून, पातळ करून त्याला नळीनं पाजायची.

आठवड्याभरानं फोन आला. आईनं उचलला.

"गोद्रो बोलतोय, मॅडम. ओरेस्ट कसा आहे?"

"तूच का तो? कसा असणार? नळीनं पितोय. लाज नाही वाटत?"

"वाटते, मॅडम. पण पोट आहे ना."

"तुझ्या आईला चालतं हे?"

"ती सामन्याला येतच नाही. चर्चमध्ये जाऊन बसते."

आईनं हातातला पेला खाली ठेवला. मग म्हणाली, "तुझा हात बरा आहे का?"

"दोन बोटं मोडलीत."

"मग शेकत जा," आई म्हणाली, आणि तिनं फोन ओरेस्टच्या कानाला लावला. गोद्रो बोलत राहिला, हा नुसता हुं-हुं करत होता. काय बोलणं झालं ते पुढे कळलं. गोद्रो म्हणाला होता, "माझं संपत आलंय, तू अजून सव्वीसचा आहेस. सामन्याआधीच्या सरावात तुझे पास पाहिलेत मी. पायांचं काहीतरी कर आणि जर्मनीला जा. तिकडे मारामारी केली की सरळ बाहेर काढतात. झक मारत हॉकी खेळावी लागेल तुला."

मी तेव्हा गावच्या बर्फाच्या रिंकवर लहान मुलींना फिगर स्केटिंग शिकवायची. ओरेस्ट आणि त्याचे दोस्त आम्हाला 'फुलपाखरं' म्हणून चिडवायचे. एका संध्याकाळी हे महाशय स्केट्स आणि स्टिक हातात घेऊन रिंकच्या दारात उभे.

"काय पाहिजे?"

त्यानं आधी स्वतःच्या पायांकडे बोट दाखवलं, मग माझ्याकडे.

"डॉक्टरांना विचारलंस?"

त्यानं 'हो' म्हणून मान हलवली.

"मग ती स्टिक ठेव बाहेर आणि रांगेत उभा राहा."

सहा-सात वर्षांच्या फ्रॉकवाल्या पोरींमध्ये तो धान्याच्या कोठारासारखा दिसत होता. एका पायावर गोल घ्यायला सांगितलं तर धाडकन पडला, रिंकच्या कडेच्या फळ्या हादरल्या.

"टीचर, हे काका गुडघे वाकवतच नाहीत," टॅन्सी नावाची पोरगी म्हणाली. ओरेस्ट दातांतून गुरगुरला. ती घाबरली. "चिडले का?"

"चिडू दे. त्याचे दात बांधलेत, उलट बोलता येत नाही. म्हणून तर शिकवणं जमतंय."

कॉफीच्या खिडकीपाशी म्हातारे बसलेले असायचे. "ओरेस्ट, फ्रॉक कधी शिवतोस रे?" तो लाल व्हायचा, पण दुसऱ्या दिवशी परत यायचा. तारा काढल्या त्या दिवशी मला वाटलं, आता आधी माझा उद्धार होणार. जबडा चाचपत तो म्हणाला, "लेस्या, डावा पाय अजून चुकतोय."

पुढच्या मोसमात जुन्या संघाच्या प्रशिक्षकानं त्याला मागे सरकत वळताना पाहिलं आणि हसून म्हणाला, "नाचणारा घेऊन मी काय करू?" त्यांनी त्याला सोडून दिलं. दोन दिवस ओरेस्ट खोलीतून बाहेर आला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं गोद्रोला फोन केला.

जर्मनीतल्या एका लहान गावच्या, दुसऱ्या लीगमधल्या संघानं त्याला बचावपटू म्हणून घेतलं. सुरुवातीला त्याचे हाल झाले. मग एका सामन्यात समोरच्या संघाचा सगळ्यात चपळ पोरगा पक घेऊन एकटाच त्याच्यावर चालून आला. ओरेस्ट मागे सरकत राहिला, गुडघे वाकवून, घाई न करता, आणि ऐन वेळी स्टिक पुढे टाकून पक काढून घेतला. धक्कासुद्धा नाही. सगळं रिंक टाळ्या वाजवायला लागलं. "मी मागं वळून बघितलं," तो सांगतो, "म्हटलं कुठं मारामारी चाललीय?"

तिथं तो नऊ मोसम खेळला. कर्णधार झाला. वरच्या लीगचं बोलावणं कधीच आलं नाही, पण त्याचा विषयही त्यानं पुन्हा काढला नाही. हाइके नावाच्या शिक्षिकेशी लग्न केलं. आई एकदा तिकडे गेली, पूर्ण सामना बसून पाहिला आणि पंचांना युक्रेनियनमधून शिव्या घातल्या.

गुडघा कामातून गेल्यावर तो हाइकेला घेऊन परत आला. आता शेजारच्या शहरात तो होतकरू बचावपटू तयार करतो. परवा त्याच्या हाताखालची एक शेतकऱ्याची मुलगी विद्यापीठाच्या संघात निवडली गेली. तिच्या घरी नुसता फोन करून भागलं असतं. पण हा वादळात तासभर गाडी हाकत त्यांच्या शेतावर गेला.

"एवढा उशीर?" हाइकेनं दारातच विचारलं.

"जेवायला थांबवलं त्यांनी," बूट काढत तो म्हणाला. "निघू कसा? तिचा बाप रडत होता, आणि बटाटा भरलेल्या पेरोगीही झकास झाल्या होत्या."