डोळे मिटून चढणारा जावई

मी ठाण्याच्या कचेरीत उमेदवारी करत होतो, तेव्हा खाडीकाठच्या वाडीत हा गृहस्थ रोज सकाळी दिसे. नाव मी कधी विचारलं नाही. आधी तो दुकानात तराजू धरायचा. मग माडाचा रस, म्हणजे माडी, काढणाऱ्यांचा घरजावई झाला. सासऱ्याचे गुडघे गेले आणि माडावर चढणं याच्याकडे आलं. याला तर ओट्यावरून खाली बघितलं तरी घेरी येई.

म्हणून तो डोळे घट्ट मिटून चढायचा. खालून सासूबाई धीर देत.

"किती वर आलो?"

"कुठं वर? अजून जमिनीशीच आहात, जावईबापू."

"वारा फार लागतोय."

"भरती आलीय, म्हणून."

असा तो शेंडा गाठी, चाचपत माडीचं मडकं काढी आणि तसाच उतरे.

एकदा बाजारात कुणीतरी त्याच्या उंच चढण्याची तारीफ केली. दुसऱ्या दिवशी तो उतरला, पाय मातीला टेकले, तरी माडाची मिठी सोडेना.

"पोहोचलात," सासूबाई म्हणाल्या.

"तुमच्यावर आता विश्वास नाही."

मीही सांगून पाहिलं. "तुम्हाला यांनीच शिकवलं असेल," तो म्हणाला.

"मग राहा वरच. माझा भात करपतोय," सासूबाई म्हणाल्या.

तेव्हा त्यानं एक डोळा उघडला. आधी पाय पाहिले, मग बराच वेळ शेंडा.

"एवढं चढत होतो मी? मग आता घाबरायला फार उशीर झाला."

आणि तो उघड्या डोळ्यांनी पुन्हा चढू लागला. सासूबाई मात्र पाठ फिरवून मटकन खाली बसल्या.

"एवढ्या वर जातात का हो कुणी?" त्या मला म्हणाल्या. "माझ्या लेकीचा नवरा आहे तो."