महापौरांसाठी वर झालेला हात

आमचं गाव महापालिकेत गेलं, प्रभाग महिलांसाठी राखीव झाला आणि आई नगरसेविका झाली. त्याआधी ती पनवेलच्या बाजारात भाजी विकायची. प्रचारात तिने आळीतल्या बायकांना एकच शब्द दिला होता, नळाला पाणी आणीन. त्यासाठी ती महापौरांच्या केबिनमध्ये कितीदा गेली. दर वेळी चहा मिळाला.

महापौरांची मुदत संपली. महापौरपदाचं आरक्षण पुन्हा त्यांच्या सोयीचं निघालं आणि आईच्या पक्षाने त्यांनाच उभं केलं. जेवताना आई म्हणाली, "या टायमाला मी हात वर करनार नाय."

दुसऱ्याच दिवशी दारात गाडी आली. मतदानापर्यंत पक्षाचे सगळे नगरसेवक कर्जतकडच्या एका रिसॉर्टवर राहणार होते. आईला इन्सुलिन टोचायला कुणीतरी हवं, म्हणून मलाही नेलं. आमचे फोन काढून घेतले. आई दिवसभर स्विमिंग पूलच्या काठावर पाण्याकडे पाठ करून बसायची.

गटनेते तिच्याशेजारी येऊन बसले. "मावशी, व्हिप आहे. विरोधात गेलात तर पद जाईल. मग पाण्यासाठी भांडणार कोण?"

"आता भांडतंय, त्याचा काय झाला?" आईने विचारलं.

"होईल हो," म्हणत ते जेवणाचं बघायला उठले.

मतदानाला बस थेट सभागृहाच्या दारात लागली. मी वर गॅलरीत बसले. महापौरांचं नाव पुकारल्यावर खाली भराभर हात वर झाले. आईचा मांडीवरच होता. शेजारचे नगरसेवक वाकून तिच्या कानाशी काहीतरी बोलले. तिने मान वर करून मला शोधलं. मी तिला काय खुणावणार होते? मग तिचा हात कोपरापर्यंत उचलला गेला. तेवढा मोजायला पुरला.

महापौर पुन्हा निवडून आले. कपाळाला गुलाल घेऊनच आई घरी आली. आळीने सगळं मोबाइलवर पाहिलं होतं. शेजारची काकी आली, तिने ओल्या फडक्याने आईचं कपाळ पुसलं. "तुजा नाइलाज व्हता, आमाला कलतंय," एवढंच म्हणाली. ती भांडली असती तर आईला बरं वाटलं असतं.

सकाळी टँकर आला. आई हंडा घेऊन निघाली, तशा बायका बाजूला झाल्या. "तुमी व्हा पुढं," कुणीतरी म्हणालं. आई सगळ्यांच्या मागे जाऊन उभी राहिली.